आधी चासी, मग फोर-बाय-फोर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर लगेच कळेल. तुम्ही ठाण्याला नोकरीत. घर देवगड तालुक्यात, डांबर संपतं तिथून अर्धा किलोमीटर खाली, मातीच्या वाटेने. आई-वडील आता कायमचे गावी राहायला जातायत. गाडी गावीच राहणार, एरवी वडील चालवणार. वय ६८, गुडघे कुरकुरतात. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात तुम्ही दोघं आणि दोन मुलं पोचलात की माणसं सहा. बजेट ८ लाख. दोन गाड्या हेरून ठेवल्यात: मालवणकडची २०१४ची फोर-व्हील (म्हणजे फोर-बाय-फोर, चारही चाकांना ताकद देता येते अशी) स्कॉर्पिओ, ‘सिंगल ओनर, ६२ हजार किलोमीटर, गाडी नव्यासारखी’, आणि पुण्याची २०१६ची ऑल-व्हील डस्टर. दोन्हींतली कुठली घेऊ, असं विचारलंत.

मी कणकवली भागात २६ वर्षं गॅरेज चालवतो. जुनी गाडी घेण्याआधी दाखवायला आणणारे आठवड्याला दोन-तीन तरी येतात, आणि घेतल्यावर दाखवायला आणणारे त्याहून जास्त. तेव्हा जे सांगतो ते खड्ड्यात उतरून, गाडीच्या पोटाखाली उभं राहून बघितलेलं आहे.

डस्टरचा निकाल लगेच लागतो. ती पाच जणांची गाडी आहे आणि तुम्ही सहा आहात. ‘पोरं लहान आहेत, बसतील मांडीवर’ हे दोन वर्षं चालतं, पुढे नाही. आणि मांडीवरचं पोर ब्रेक लागला की कुठे जातं ते मला सांगायला लावू नका. गाडी म्हणून ती चांगलीच. खालून २१० मिलिमीटर मोकळी, मागचं सस्पेन्शन स्वतंत्र, लाल चिखलात झकास चढते. पण ऑल-व्हीलचं ते मॉडेल २०२०मध्ये बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले तेव्हा बंद झालं आणि ती डस्टर २०२२मध्ये थांबली. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा एखादा भाग गेला तर तो आमच्याकडे कुणाच्या फळीवर नसतो. मागवायचा, आणि तोवर गाडी अंगणात, वडील रिक्षाच्या वाटेकडे डोळे लावून.

आता खरा प्रश्न. तुम्ही ‘ऑफ-रोड’ गाडी शोधताय, पण तुमच्या गाडीच्या वाट्याला ऑफ-रोड येणार अर्धा किलोमीटर. बाकी काय येणार? वर्षातले बहुतेक दिवस खाऱ्या, दमट हवेत उभं राहणं. आठवड्यातून दोनदा बाजारापर्यंत चार किलोमीटर, इंजिन नीट तापायच्या आत बंद. जून ते सप्टेंबर सतत ओलं अंग. आणि चालवणारा माणूस सत्तरीकडे झुकलेला. म्हणजे पाहिजे ती अशी गाडी, जी न चालवता टिकेल, जिच्या खालच्या पत्र्यात जीव असेल आणि जी बिघडली तर तालुक्यातला कुठलाही मेस्त्री उघडू शकेल. फोर-बाय-फोर याच्यानंतर येतं.

मालवणची स्कॉर्पिओ मी पाहिलेली नाही, त्यामुळे ती वाईट असं म्हणणार नाही. पण जाहिरातीतले दोन शब्द मला खटकतात: ‘मालवणकडची’ आणि ‘नव्यासारखी’. दहा वर्षं किनाऱ्यावर राहिलेली गाडी खालून नव्यासारखी नसते. दिसत असेल तर ती कुणीतरी तशी दिसावी म्हणून केलेली असते.

इंजिन बांधता येतं. गिअरबॉक्स उतरवून भरता येतो. क्लच, टर्बो, नोझल, सगळं पैशांनी परत येतं. चासी, म्हणजे गाडी जिच्यावर उभी असते तो खालचा लोखंडी सांगाडा, कुजली की परत येत नाही. वेल्डिंग मारून पट्ट्या लावतात, मीही लावल्यात, पण ते फाटक्या चादरीला ठिगळ; शेजारून फाटतंच. आणि स्कॉर्पिओ, बोलेरो, जुनी सफारी, थार या सगळ्या चासीवर बसलेल्या गाड्या. चासीचा लांब दांडा आतून पोकळ असतो. पाणी निघून जावं म्हणून त्याला खाली भोकं ठेवलेली असतात. लाल माती आणि वाळू याच भोकांत जाऊन बसते. भोक बुजलं की दांडा आतून ओला राहतो, त्यात मीठ असेल तर ते हवेतली ओल ओढत राहतं, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसायला लागतो तेव्हा आतलं काम बरंचसं उरकलेलं असतं.

मागच्या मे महिन्यात कुडाळकडचा एक मुलगा अशीच गाडी घेऊन आला. वरून काचेसारखी. पॉलिश, नवे सीट कव्हर, नवे मॅट. सौदा ठरलेला, फक्त ‘एकदा बघा’ म्हणून आला होता. खड्ड्यावर घेतली. खाली सगळीकडे ताजं काळं कोटिंग, वासही गेलेला नव्हता. मी हातभर तार घेतली, टोक वाकवलं आणि मागच्या चाकाच्या पुढे चासीला जे भोक असतं त्यात घालून ओढली. पहिल्यांदा लाल गाळ आला. दुसऱ्यांदा पांढरी वाळू आली, ओंजळभर, आणि तिच्यात शिंपल्यांचे चुरे. मुलगा माझ्या हाताकडे बघत राहिला. गाडी किनाऱ्यावर पळवलेली होती, एकदा नाही, बऱ्याचदा. मी त्याला एवढंच म्हटलं, “बाबा, गाडी बरी आसा, पण खालसून संपली.” त्याने घेतली नाही.

त्याला मी ऐट मारून सांगितलं खरं, पण हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. धंदा नवा होता तेव्हा मी स्वतः एक जुनी गाडी घेतली, मासळीची खोकी वाहणाऱ्या माणसाकडून. इंजिन असं सुरेख वाजायचं की मी बॉनेट लावलं आणि पैसे मोजले. खाली वाकून बघितलं नाही. मेस्त्री असून बघितलं नाही! खोक्यांतलं खारं पाणी वर्षानुवर्षं फळ्यांतून खाली ठिबकलेलं. आठ महिन्यांनी फोंडा घाटात उतरताना मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) ज्या ब्रॅकेटला अडकवलेले असतात तो ब्रॅकेट चासीचा तुकडा घेऊन सुटला. गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबली म्हणून आज हे लिहितोय.

तेव्हा गाडी बघायला जाल तेव्हा जुना शर्ट घाला. टॉर्च, मोठा स्क्रू ड्रायव्हर आणि अशी एक तार बरोबर घ्या. गाडी पिटवर किंवा रॅम्पवर घ्यायला लावा. मालक ‘कशाला, वरूनच बघा ना’ म्हणाला तर चहा पिऊन घरी या. खाली गेल्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत जा. चांगल्या पत्र्याचा आवाज टणटणीत येतो, कुजक्याचा ठप्प. मागचे पाटे किंवा स्प्रिंग जिथे बसतात ती जागा, मागच्या चाकांच्या वरचा वाकलेला भाग, बॉडी चासीवर जिथे बोल्टने टेकते ते कान, डिझेल टाकीचे पट्टे, आणि ब्रेकचे बारीक लोखंडी पाइप, या जागा सोडू नका. ब्रेक पाइपवर बोट फिरवा. खरखरीत, फुगलेला लागला तर तो बदलायचाच. मग आत येऊन मॅट उचला आणि पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबा. दारांच्या खालच्या कडा आणि मागच्या दाराची खालची शिवण बघा.

इथे घाबरून जाऊ नका, कारण कोकणात चाललेल्या कुठल्याही गाडीला खाली तांबूस रंग दिसणारच. बोटाने पुसला की भुकटी निघते आणि खाली टणक लोखंड लागतं, तो गंज चालतो. पापडासारखे पापुद्रे सुटतायत, स्क्रू ड्रायव्हर टोचला की आत जातोय, तो चालत नाही. आणि ताज्या काळ्या कोटिंगबद्दल माझा नियम सरळ आहे: विकायच्या महिन्यात कोटिंग करणारा माणूस पुढच्या मालकाच्या भल्यासाठी करत नाही. थोडं खरवडू द्यायला सांगा.

म्हणून मी लोकांना म्हणतो, गाडी घाटावरची शोधा. कोल्हापूर, सातारा, पुण्याची. तिथली दहा वर्षांची गाडी खालून इथल्या चार वर्षांच्या गाडीपेक्षा बरी निघते. पण याच्यातही एक खोच आहे. ऑगस्ट २०१९ला कोल्हापूर-सांगलीत पूर आला, जुलै २०२१ला पुन्हा आला. त्याच जुलैच्या २२ तारखेला चिपळूण आणि महाडमध्ये पाणी शिरलं. त्या पाण्यात किती गाड्या बुडाल्या ते आम्ही मेस्त्री लोकांनी पाहिलंय, आणि बुडालेली प्रत्येक गाडी भंगारात गेली नाही. साफ होऊन, वाळून, दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन विकली गेलेलीही आहेत. पुराची गाडी ओळखायला सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटच्या वितीपर्यंत. गाळाची रेघ तिथे राहते, कारण तो शेवटचा हातभर पट्टा कुणी धुवत नाही. पुढची सीट मागे सरकवून तिचे रूळ आणि बोल्ट बघा. सुटी स्टेपनी कुठे बसते, फ्यूजच्या डबीच्या मागे काय आहे, हेडलाइटच्या आत कोपऱ्यात माती आहे का, तेही पाहा. एसी लावून काचा बंद करून पाच मिनिटं बसा. कुबट वास अत्तराने झाकता येतो, पण अत्तर फार मारलेलं असेल तर तेही एक उत्तरच. विम्याचा इतिहास मागा. त्या महिन्यांतला मोठा क्लेम दिसला तर विषय संपला.

गोव्याच्या गाड्यांचा मोह सिंधुदुर्गात सगळ्यांना पडतो, कारण किंमत कमी दिसते. ती गाडी राज्य बदलून आणायची म्हणजे तिथली एनओसी, इथे नवा नंबर, इथला रोड टॅक्स. हे सगळं मिळवून पुन्हा बेरीज करा. शिवाय ती किनाऱ्याचीच. आणि थारसारखी गाडी असेल तर ती आधी भाड्याने फिरणारी होती का, हे आरसीच्या नोंदीत बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं मिरवत तीन-चार हंगाम पर्यटकांनी वाळूत रुतवलेली गाडी पांढरी पाटी लावली म्हणून घरातली होत नाही.

६२ हजार किलोमीटरबद्दल एक शब्द. तुम्हाला तो आकडा आवडलाय. मला तो विशेष आवडत नाही. मीटर मागे फिरवतात हे तर आहेच; क्लचच्या पॅडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची कड, स्टिअरिंगचा गुळगुळीतपणा मीटरपेक्षा खरं बोलतात. पण समजा आकडा खरा आहे. दहाहून जास्त वर्षांत ६२ हजार म्हणजे गाडी बहुतेक वेळ उभी होती. घाटावर दीड लाख किलोमीटर हायवेला चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी मी डोळे मिटून हिच्यापुढे घेईन. सर्व्हिसची बिलं मागा. बिलं नसतील तर ‘फॅमिलीची गाडी आहे’ हे वाक्य ऐकून घ्या आणि किंमत कमी करा.

आता फोर-बाय-फोर. लागतं का? तुमच्या वाटेवर अवलंबून आहे, आणि ती वाट मी पाहिलेली नाही. तरी आपल्या मातीचं काही सांगता येईल. उन्हाळ्यात इथल्या कुठल्याही चढाला मागची चाकं ओढणारी उंच गाडी पुरते. जून लागला की लाल माती साबणासारखी होते, आणि जांभ्याच्या उघड्या कातळावर शेवाळ चढलं की माती परवडली म्हणायची वेळ येते. पुढची चाकं ओढणारी गाडी चढावर हतबल होते, कारण भार मागे जातो आणि पुढची चाकं हलकी पडतात. मागची चाकं ओढणारी रिकामी असताना चाक फिरवत बसते, पण मागे दोन माणसं बसवा किंवा वाळूची दोन पोती टाका, तीच गाडी निमूट चढते. आमच्या भागात बोलेरो वर्षानुवर्षं याच हिशोबावर चाललीये.

फोर-व्हीलने फरक पडतो, नक्की पडतो. पण त्यासाठी जास्तीची किंमत मोजायची, पुढचा डिफरन्शियल, ट्रान्सफर केस, पुढचे एक्सल, एवढी यंत्रणा जास्तीची सांभाळायची, आणि वडिलांनी ती वर्षातून दहा दिवस वापरायची. न वापरलेली फोर-व्हील जाम होते, हे मी दर पावसाळ्यात बघतो. जूनमध्ये पहिल्यांदा स्विच फिरवतात आणि काहीच होत नाही. त्याच पैशांत उताराच्या सगळ्यात वाईट पन्नास-साठ मीटरवर चाकांपुरत्या दोन चाकोऱ्या करून घ्या. चिरे बसवा नाहीतर काँक्रीट ओता, मधे गवत राहू दे, आणि कडेला पाणी जायला गटार काढा. वाट सामाईक असेल तर आधी शेजाऱ्यांना विचारा, नाहीतर गाडीपेक्षा भांडण महाग पडेल. चाकोऱ्या वडिलांसाठी येणाऱ्या रिक्षालाही उपयोगी, आणि रात्रीबेरात्री अँब्युलन्स दारापर्यंत येते.

पण वाटेत वहाळ, म्हणजे ओढा, आडवा येत असेल, किंवा चढ इतका उभा असेल की पायीसुद्धा काठी लागते, तर मी माझं म्हणणं मागे घेतो आणि फोर-व्हीलच घ्या म्हणतो. वहाळाबद्दल मात्र बजावतो: पाणी लाल आणि पळतं असेल तर कुठल्याच गाडीने उतरायचं नाही. नव्या थारला कंपनी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता सांगते, ती साचलेल्या पाण्यासाठी समजा. ओढा गाडीला बाजूने ढकलतो. आणि इंजिनाने एकदा पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग माझ्याकडे टो करून आणायची आणि मी जो आकडा सांगेन तो ऐकून खाली बसायचं.

फोर-व्हीलची गाडी बघणार असाल तर तपासणी डांबरावर करू नका. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळण घेतलं की पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि आतले गिअर ताण खातात. मोकळ्या मातीत जा. फोर-एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावा, स्टिअरिंग पूर्ण कापा आणि सावकाश वळा. गाडी अडखळल्यासारखी, ओढून धरल्यासारखी वाटली तर फोर-व्हील खरंच लागली आहे. काहीच फरक वाटला नाही तर डॅशबोर्डवरचा दिवा नुसताच लागलाय. मग गाडी थांबवून फोर-एल (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) लावा; पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की अॅक्सिलरेटर न देता ती माणसाच्या चालीने चढायला हवी. परत टू-व्हीलवर येताना अडकत नाही ना, तेही पाहा, बरेच जण तेवढंच विसरतात. मालकाला सहज विचारा, ‘शेवटची कधी लावली होती?’ उत्तरापेक्षा तोंड बघा.

इंजिनाचं मी आटोपशीर सांगतो, कारण ते तुमच्या ओळखीचा मेस्त्रीही बघेल. सकाळी थंड गाडी सुरू करायला मिळाली पाहिजे. तुम्ही पोचायच्या आत ती तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर गाडी तापल्यावरही जात नसेल तर काळजीचं कारण, काळा थोडा चालतो. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा. किटलीसारख्या वाफा फक-फक येत असतील तर इंजिन बांधायला आलंय. ऑइलला चहाचा रंग आणि साय आली असेल तर पाणी मिसळतंय. नंतर एखादा घाट चढा. चढावर चौथ्या गिअरला जोर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग तेवढाच राहिला तर क्लच प्लेट गेली. उतरताना दुसऱ्या गिअरला अॅक्सिलरेटरवरचा पाय सोडून द्या. गिअर स्वतःहून उडाला तर बॉक्सचं काम आहे.

मग घ्यायची कुठली? इतकं सगळं धरून मी तुमच्या जागी असतो तर आधी टेप घेऊन गावी गेलो असतो. बेड्यापासून, म्हणजे आवाराच्या फाटकापासून, अंगणापर्यंत दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधलं (दगडी कुंपणांमधलं) अंतर सगळ्यात अरुंद जागी मोजा, वळणावर खास. बोलेरो रुंदीला सुमारे १७४५ मिलिमीटर, स्कॉर्पिओ १८२०, हेक्सा १९००, आणि आरसे वेगळे. हे आकडे कागदावर जवळजवळचे वाटतात. चिऱ्यांच्या गडग्यात, पावसात, ६८ वर्षांच्या माणसाला ते अजिबात जवळजवळचे वाटत नाहीत. हेक्सा आणि एक्सयूव्ही ५०० ऑल-व्हीलमध्ये मिळायच्या, बसायलाही आरामाच्या, पण गावात ठेवायला मी त्या सुचवणार नाही. इलेक्ट्रॉनिक्स जास्त, उंदरांना मेजवानी. सफारी स्टॉर्म फोर-बाय-फोर ताकदीला उत्तम, मागच्या आडव्या सीटवर मात्र मुलांना बसवायचं असेल तर विचार करा. जिम्नी आणि तीन दारांची थार चार जणांच्या, त्यामुळे तुमच्या कामाच्या नाहीत.

माझी निवड: वाट रुंद असेल तर घाटावरची, टू-व्हील स्कॉर्पिओ, २०१५ ते २०१९मधली, तिसरी रांग समोर तोंड करून असलेली, आणि दोन एअरबॅग व एबीएस असलेलं मॉडेल. एअरबॅगवर अडून बसा. २०१६ साली ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आपटून पाहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले होते. वाट अरुंद असेल आणि वर्षभर वडीलच चालवणार असतील तर बोलेरो. ती वळते छोट्या जागेत, दिसतं चारी बाजूंनी, आणि तिचा भाग मिळत नाही असा बाजार कोकणात नाही. तिच्यात दोष आहेत: आवाज करते, मागच्या आडव्या सीटवर माणूस हेलकावे खातो. मुलं मधल्या रांगेत बसवा आणि मोठ्यांनी मागे जा, कोण जाणार हे घरात ठरवा. गाडी घेण्याआधी वडिलांना आणि आईला तिच्यात चार-पाच वेळा चढा-उतरायला लावा. त्या गुडघ्यांचं मत माझ्या मतापेक्षा महत्त्वाचं.

एप्रिल २०२०नंतरची, म्हणजे बीएस-६ डिझेल गाडी बजेटात बसली तर मोह होईल. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं चांगल्या वेगाने चालावी लागते. घर ते बाजार, बाजार ते घर, यात तो तुंबतो आणि मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. वडील महिन्यातून दोनदा हायवेला नांदगाव-कणकवलीपर्यंत फेरी मारणार असतील तर घ्या, नाहीतर बीएस-४ बरी.

आणि आठ लाखांची गाडी आठ लाखांना घेऊ नका. साडेसहाची घ्या. उरलेल्यातून पहिल्या महिन्यात पाच टायर, सगळी ऑइलं, कुलंट, बॅटरी, ब्रेक आणि गरज असेल तर क्लच. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९च्या २३व्या आठवड्यातला. खोबणी कितीही खोल दिसू दे, सहा-सात वर्षांचं रबर ओल्या जांभ्यावर धरत नाही. खडबडीत नक्षीचे ऑल-टेरेन टायर घ्या. तुमच्या वाटेला निम्मी फोर-व्हील त्यातच आहे.

कागदांचं तुम्हाला माहीत असेल: मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि ते कर्ज आरसीवरून उतरवायचा फॉर्म ३५, चलनं भरलेली, विमा चौदा दिवसांत नावावर. २०१४ची गाडी घेतलीत तर तिचं रजिस्ट्रेशन २०२९ला संपेल, मग तपासणी, ग्रीन टॅक्स आणि पाच वर्षांची मुदतवाढ, हेही किमतीत धरा.

गाडी दारात आल्यावर दोन कामं चुकवू नका. पावसाळा संपला की दसऱ्याआधी खालून गोड्या पाण्याने धुवा, चासीची भोकं तारेने मोकळी करा, वाळू द्या आणि मगच कोटिंग मारा. ओल्यावर मारलेलं कोटिंग गंजाला आत कोंडून घालतं. आणि उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, गिअरमध्ये टाका आणि चाकाला चिरा लावा, नाहीतर चार दिवसांत मागचे ब्रेक चिकटतात. उंदरांसाठी बॉनेट रात्री उघडं ठेवतात काही जण, तंबाखू टाकतात, डांबराच्या गोळ्या टांगतात. माझ्या अनुभवात खात्रीचा उपाय एकच, गाडी दोन दिवसांआड हलवणं आणि शेजारी भाताच्या गोणी न ठेवणं.

मालवणची गाडी बघायला गेलातच तर तार विसरू नका, आणि भोकातून काय आलं ते कळवा. गडग्याचं माप आणि पावसाळ्यातला उताराचा एखादा फोटो पाठवलात तर बोलेरो की स्कॉर्पिओ ते नक्की सांगतो.